विन्या, ती धार बाटलीत भरू नकोस

प्रिय विन्या,

उत्तराला उशीर झाला, शिव्या घालून घे. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी सगळे बरे.

तुझं पत्र वाचल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. तुमच्या भट्टीतल्या बरबनच्या (मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपांतून पैसा सुटायला वर्षं लागणार, म्हणून तोवर त्याच धारेतला, म्हणजे भट्टीतून ताजा निघणारा, माल थेट बाटल्यांत भरून ‘पांढरी व्हिस्की’ म्हणून विकायचा, असं तुझा भागीदार म्हणतो. माझं ऐक, त्याला थांबव.

आधी कायदा बघ. तुमच्या मिश्रणात मका ७० टक्के. अमेरिकेत लाकडाला न लावता ‘व्हिस्की’ म्हणता येते ती फक्त कॉर्न व्हिस्की, आणि तिला मका किमान ८० टक्के लागतो. बाकीच्या व्हिस्कीला ओकच्या पिंपात ठेवावंच लागतं. किती वेळ, ते मात्र सांगितलेलं नाही. म्हणून काही जण थोडा वेळ पिंप दाखवून लगेच काढून घेतात. स्कॉटलंडमध्ये असली पळवाट नाही. तिथे ३ वर्षं ओकमध्ये काढल्याशिवाय व्हिस्की हे नावच मिळत नाही. तुझ्याच राज्यात, न्यूयॉर्कमध्ये, गार्डिनरच्या टटहिलटाउन भट्टीने मक्याची बिनपिंपाची व्हिस्की विकली, ती वाट धर. मका वाढव.

पण खरी भीती चवीची. पिंपात जाणाऱ्या मालात धारेच्या शेवटाकडचा थोडा जडपणा मुद्दाम ठेवतात. जळक्या ओकचा कोळसा गंधकाचा वास शोषतो, बाकीचं काम लाकूड आणि हवा वर्षानुवर्षं करतात. बाटलीत हे काहीच होत नाही. भिजल्या पुठ्ठ्याचा वास आज आला, तर पुढच्या दिवाळीलाही येणार. तेव्हा पिंपासाठी धार ६० टक्के अल्कोहोलपर्यंत धरत असाल, तर या मालासाठी ६६-६७ लाच तोडून बघा. आकड्यावर विसंबू नकोस, दर थोड्या वेळाने छोट्या ग्लासात धर, पाणी घालून तीस टक्क्यांवर आण आणि मग हुंग. नेलपॉलिशचा वास असेतो हेड्स (धारेचा सुरुवातीचा भाग) संपलेले नाहीत. (नान्या ‘पहिल्या धारेची’ म्हणून ज्याची फुशारकी मारायचा, ते नेमकं हेच! सांग त्याला.) कापलेलं टेल्स (धारेचा शेवटचा भाग) फेकू नका, पुढच्या खेपेत परत घाला. उत्पादन कमी भरेल, भागीदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

आणखी एक, भट्टीचं तांबं स्वच्छ ठेव. गंधक तांब्याला धरतं, पण पृष्ठभाग काळवंडला की ते थांबतं आणि मग उकडलेल्या कोबीचा वास येतो. भट्टी घाईत तापवली तरी तेच, कारण वाफेला तांब्याशी पुरेसा वेळ मिळत नाही.

बाटलीत भरण्याआधी पाणी एकदम ओतू नकोस. खनिजं काढलेलं पाणी घे, टप्प्याटप्प्याने घाल, मध्ये काही दिवस स्टीलच्या टाकीत राहू दे. जड पाण्याने कॅल्शियम तळाशी बसतं. अल्कोहोल ४६ टक्क्यांखाली असेल, तर गार केल्यावर व्हिस्की ढगाळ दिसू शकते, ती तेलं असतात, दोष नव्हे. पण दुकानदाराला हे कोण समजावणार? ४६ वरच थांब.

आणि हो, ‘पिंपाशिवाय दारूला चव नसते’ म्हणून पणजीत माझ्याशी भांडला होतास तू, हातात बिनपिंपाच्या फेणीचा ग्लास धरून! माझं म्हणणं तेव्हाही तेच होतं: चव धारेतच असते.

मृणालला नव्या नोकरीबद्दल अभिनंदन सांग. चिकूला दात आले का? घराचे फोटो पाठव म्हटलं होतंस, पाठवतो.

त्याआधी तू धारेच्या नोंदी पाठव: दर पाव तासाची टक्केवारी, वाफेचं तापमान, कुठे तोडलीस ते. वासाचं जे वाटलं ते गावठी भाषेत लिही, मला कळेल.

तुझा,
बाळ्या