भुवईवरचा व्रण परत आणणाऱ्या फोटोग्राफर काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

पाकीट मिळाल्याचे कळवायला फोन केला, तेव्हा माझे आभाराचे पहिले वाक्य पुरते होण्याआधीच तुम्ही “बरं, बरं, पोचलं ना?” असे म्हणून फोन ठेवून दिलात. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. ते निदान मध्येच ठेवून देता येणार नाही.

ज्याची निगेटिव्ह तुम्ही शोधून काढलीत, तो आठवी ते दहावी माझ्याच बाकावर बसत असे. किल्लारीजवळच्या, तेरणेकाठच्या एका गावातून तो रोज एसटीने तालुक्याच्या शाळेत यायचा आणि १९८७ च्या जूनमध्ये विद्यार्थी पास काढायचा म्हणून स्टँडसमोरच्या तुमच्या स्टुडिओत फोटोला बसला होता. मीही बरोबर होतो. सगळ्या पोरांसाठी तुम्ही खुंटीला एक पांढरा शर्ट टांगून ठेवलेला असे. तो त्याला इतका ढगळ झाला की पाठीमागून कपडे वाळत घालायचा चिमटा लावून तुम्ही तो ताणून बसवलात, आणि त्या चिमट्यामुळे त्याला हसू आवरेना. तुम्हाला हे आठवण्याचे काही कारण नाही. मला मात्र त्याच्याविषयी जे थोडके स्वच्छ आठवते, त्यात हा चिमटा आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात तो गेला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव दमून झोपले होते. मातीत रचलेल्या दगडांच्या त्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेली माळवदे, ज्यांच्या उन्हाळ्यातल्या गारव्याचे आम्ही कौतुक करायचो, तीच निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. तो एकवीस वर्षांचा होता. त्याचे वडीलही त्याच घरात गेले. आई सोलापूरला भावाकडे होती म्हणून राहिली. मी पुण्याहून तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा पडलेल्या घरांच्याच लाकडांवर एकेका चितेत कितीतरी जणांना अग्नी देऊन झाला होता आणि त्याला नेमका कुठे दिला, हे मला कोणी सांगू शकले नाही.

घराबरोबर घरातले कागदही गेले. पास, गुणपत्रिका, कोणा मामाच्या लग्नातला एखादा ग्रुप फोटो, काहीच उरले नाही. मला त्याचा आवाज आठवत होता, चालणे आठवत होते, पण चेहरा दर वर्षी थोडा थोडा पुसट होत गेला, आणि हे मी त्याच्या आईला कधी सांगू शकलो नाही. मी गेलो की ती माझ्याकडे बघत बसते. एकदा म्हणाली, “तू असा थोराड झालास, त्यो कसा दिसला असता रं?” त्यानंतर मी फोटो शोधायला लागलो.

कोणाकोणाकडे गेलो, याचा पाढा इथे वाचत नाही. शाळेने आधी “अर्ज करा” म्हटले आणि अर्ज केल्यावर जुन्या दप्तराला वाळवी लागल्याचे सांगितले. एका कार्यालयातल्या गृहस्थांनी तर “गेलेल्या माणसाचा फोटो आता कशाला लागतो?” असे विचारले, आणि तेही टेबलामागच्या भिंतीवर स्वतःच्या वडिलांचा हार घातलेला फोटो असताना. पण मनाला सर्वांत लागले ते आमचेच वागणे. वर्गाच्या स्नेहमेळाव्यात प्रवेशद्वारापाशी दिवंगत मित्रांचा फ्लेक्स लावला होता. चार चौकटींत चार चेहरे आणि पाचवीत समईचे चित्र, खाली त्याचे नाव, तेही चुकीचे. मी रागावलो तेव्हा आयोजकांपैकी एकाने तोडगा सुचवला: त्याच्या चुलतभावाचा फोटो घेऊन कॉम्प्युटरवर जरा फेरफार करू, नाहीतरी आता कोणाला आठवतोय? त्या मांडवात मी जेवलो नाही.

तुम्ही मात्र फोनवर दोनच प्रश्न विचारलेत. साल कोणते, आणि चेहऱ्यावर काही खूण होती का? दुकान बंद करून तुम्हाला कितीतरी वर्षे झाली आहेत, खोकी घराच्या माळ्यावर आहेत, वहीत नुसती आडनावे आहेत आणि त्या आडनावाची पोरे त्या जूनमध्ये सात आली होती, हे सगळे मला तुमच्या मुलाकडून नंतर कळले. मी सांगितले की डाव्या भुवईवर व्रण होता, सातवीच्या सुट्टीत माझ्या भोवऱ्याची आर लागून झालेला. तुम्ही नुसते “हं” म्हणालात. अकरा दिवसांनी पाकीट आले.

त्यात दोन प्रिंट होत्या, बटर पेपरात गुंडाळलेली मूळ निगेटिव्ह होती, आणि मोठ्या प्रिंटच्या पाठीवर तुमच्या हातची पेन्सिलीतली ओळ होती: “व्रण तेव्हा मीच झाकला होता. आता काढून घेतला आहे.” ही ओळ मला पहिल्यांदा समजलीच नाही. मग तुमच्या मुलाने समजावून सांगितले. व्रणाची काळी सावली निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिथे टोकदार शिसपेन्सिलीने बारीक टिंबे भरली की प्रिंटवर डाग नाहीसा होऊन कातडी साफ दिसते, आणि हे काम तुम्ही पासाच्या फोटोवरसुद्धा, जादा पैसे न घेता, करीत होतात. म्हणजे पोरगा चांगला दिसावा म्हणून १९८७ मध्ये तुम्ही एकेक टिंब भरलेत, आणि या वयात, भिंग लावून, कापसाच्या बोळ्याने ते पुसून काढलेत. मी हे मागितले नव्हते. मला ते सुचलेही नसते. आजकाल श्रद्धांजलीच्या प्रत्येक फोटोत माणूस गोरा केलेला, निळ्या पडद्यापुढे उभा, अंगात आयुष्यात कधी न घातलेला कोट, अशा काळात आपल्याच हातचे सफाईदार काम मोडून त्या जागी मुलाचा खरा चेहरा ठेवणारा माणूस आमच्या तालुक्याच्या गावात राहतो, याचा मला अभिमान वाटतो. भलेपणाची भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत, त्या मेळाव्यातही तीन झाली होती. तुमच्याकडून मात्र एकही ऐकावे लागले नाही.

फोटो घेऊन मी नव्या गावातल्या त्याच्या आईच्या ४०० चौरस फुटांच्या घरी गेलो. आईचा एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे. तिने फोटो उंबऱ्यापाशी उजेडात नेला, बराच वेळ पाहिला आणि पहिले काय विचारले असेल, तर, “ह्यो शर्ट कुणाचा म्हनायचा?” मी चिमट्याची गोष्ट सांगितली. मग तिचा अंगठा त्या भुवईवर गेला आणि तिथेच थांबला. “ह्यो तुजा भोवरा,” ती म्हणाली. पस्तीस-छत्तीस वर्षांनी मला त्या भोवऱ्याबद्दल बोलणी खावी लागली, आणि ती मी मान खाली घालून, अगदी पोटभर खाल्ली.

पैशांचे तुम्ही ऐकणार नाही, हे कळून चुकले आहे. एक विनंती मात्र ऐका. घर रंगवायला काढायचे असल्याने ती खोकी भंगारात देण्याचे चालले आहे, असे तुमचा मुलगा म्हणाला. कृपा करून देऊ नका. त्या भूकंपानंतर ५२ गावे उठवून नव्या जागी वसवावी लागली. त्यांतल्या काही गावांची पोरे याच स्टँडवर उतरत आणि तुमचा तोच शर्ट घालून फोटोला बसत. दिवाळी झाली की मी दोन मित्रांना घेऊन येतो. वही तुम्ही वाचा, माळ्यावर आम्ही चढू.

आपला,
त्याच्या बाकावरचा दुसरा