शांत प्राणी आणि त्यांचा किरकिरणारा खुराक

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला टॅरेंटुला (म्हणजे मोठाले केसाळ कोळी) आणि विंचू पाळणाऱ्यांवरचा लेख वाचला. हे प्राणी मुंबईच्या फ्लॅटला अगदी सोयीचे, भुंकत नाहीत, केस गळत नाहीत, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही, असे लेखिका म्हणतात. ते शेजारी आम्हीच.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाकडे मेक्सिकोतली टॅरेंटुला आहे, गुडघ्यांवर केशरी पट्टे असलेली. ती बिचारी खरेच शांत, दिवसभर करवंटीखाली बसून असते. पण ती खाते काय, हे लेखात 'छोटे किडे' एवढ्यावर उरकले आहे. हे छोटे किडे म्हणजे जिवंत रातकिडे! डब्यात अंड्यांच्या ट्रेचे तुकडे आणि गाजराचे काप घालून पाळलेले. गेल्या गणपतीत त्या डब्याचे झाकण सैल राहिले आणि मंडळी मोरीच्या पाइपाशेजारच्या फटीतून आमच्याकडे उतरली. त्यातल्या एकाने फ्रिजमागे, मोटरच्या उबेला, मुक्काम ठोकला. रात्री साडेदहाला सुरू. बॅटरी घेऊन जवळ गेलो की गप्प, अंथरुणावर पाठ टेकली की पुन्हा किर्रर्र. अशा अकरा रात्री काढल्या. बाराव्या रात्री फ्रिज ओढला, रातकिडा सापडला आणि माझी कंबर धरली. तक्रार करायला वर गेलो तर चिरंजीव म्हणतात, "सॉरी काका, पण मारला कशाला? ती जिवंतच खाते."

केस गळत नाहीत म्हणे! डिवचली की ही बया मागच्या पायांनी पोटावरचे केस झाडते. त्या मुलाच्या मनगटावर उठलेले लाल पुरळ मी पाहिले आहे. शिवाय मादी वीस-वीस वर्षे जगते. पोरगा पुढच्या वर्षी शिकायला जर्मनीला चालला आहे. मागे रातकिड्यांचा रतीब कोण घालणार, हे विचारायला त्याची आई परवा आमच्याकडे चहाला येऊन गेली. मी विषय बदलला.

वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौथ्या अनुसूचीतले, म्हणजे ज्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे असे, परदेशी प्राणी जवळ असतील तर त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि त्यासाठी 2024 पासून रीतसर नियम व पर्यावरण मंत्रालयाचे 'परिवेश' हे ऑनलाइन पोर्टलही आहे. पाऊण पानाच्या लेखात यासाठी एक ओळ सापडू नये? काचेच्या पेट्या कुठे मिळतात ते मात्र सविस्तर आहे.

विंचवाचे कौतुक मला सांगू नका. माझे बालपण महाडजवळ गेले. थोरल्या भावाला लाल विंचू चावला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. घामाने डबडबलेले त्याचे गार पडलेले हात आईने रात्रभर चोळले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रूढ करण्याआधीचे ते दिवस. भाऊ वाचला, पण आजही चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नाही. आफ्रिकेतला काळा एम्परर विंचू तितका जहरी नसतो, हे मान्य. पण जिन्यात दिसला तर आमच्या वॉचमनने त्याला जात विचारायची का?

जाता जाता, त्याच पुरवणीत शब्दकोड्याची उत्तरे सलग तिसऱ्या रविवारी छापलेली नाहीत. आडवे 14 काय होते, तेवढे कळवावे.

— एक जुना वाचक, विलेपार्ले (पूर्व)