फोटोखाली ‘सौजन्य’ नको, नाव हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मुंबईतल्या एका जुन्या संग्रहालयात दागिन्यांच्या एका ब्रँडची मोठी पार्टी झाली. दुसऱ्या दिवशी तिचे फोटो बऱ्याच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आले, आपल्याही आले. त्यातला सगळ्यात मोठा फोटो मी काढलेला आहे. त्याखाली छापलं होतं ‘छाया : सौजन्य’. सौजन्य कुणाचं, तेही नव्हतं.

मी करी रोडला राहतो. एरवी लग्नं, मुंजी, बारशी करतो. अशा कार्यक्रमाचं काम पहिल्यांदाच मिळालं, म्हणून दूरचं जवळून टिपणारी ७०-२००ची लेन्स भाड्याने घेतली आणि दुपारीच जाऊन दालनं पाहून ठेवली. आयोजकांच्या माणसाने मोबाइलवर पाहुण्यांच्या चेहऱ्यांची यादी पाठवली, यातला एकही सुटता कामा नये म्हणाला. संग्रहालयातल्या ताईंनी वेगळी सूचना दिली आणि ती मला जास्त पटली. लघुचित्रांच्या दालनात फ्लॅश मारायचा नाही, पेट्यांना टेकायचं नाही. कागदावरचे जुने रंग उजेडाने फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही, म्हणून तिथे ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच उजेड ठेवतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली याच्या दुपटीहून जास्त असतो.

रात्री गर्दी झाली, संगीत सुरू झालं, सगळे मोठ्या दालनात जमले. लघुचित्रांकडे फारसं कुणी फिरकलं नाही. एक वयस्क पाहुण्या बाई मात्र एकट्याच तिकडे आल्या आणि एका चित्रासमोर थांबल्या. काचेत त्यांचा चेहरा दिसत होता, पण वरच्या दिव्याचा पांढरा ठिपका नेमका कपाळावर पडत होता. मी गुडघ्यावर बसलो आणि तो ठिपका चौकटीबाहेर जाईपर्यंत डावीकडे सरकत राहिलो. कमी उजेडासाठी कॅमेरा असा लावला होता : आयएसओ ६४००, एफ २.८, सेकंदाचा १६०वा भाग. चित्रातल्या बाईच्या हातातलं फूल नीट बघायला त्यांनी मान जराशी वाकवली, तेव्हा बटण दाबलं. काचेतला चेहरा आणि कागदावरचा चेहरा शेजारी शेजारी आले.

असा फोटो कुणाच्या सौजन्याने निघत नाही. तो बघून, थांबून, जागा बदलून काढावा लागतो.

पार्टी संपायच्या आतच फोटो निवडून द्यायचे होते. मागच्या जिन्याखाली, केटरिंगच्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून ते काम केलं. प्रत्येक फाइलमध्ये माझं नाव भरलं होतं. पण आयोजकांनी फोटो व्हॉट्सॲपवरून पुढे पाठवले आणि तसे पाठवले की फाइलमधली ही माहिती गळून जाते. वर्तमानपत्रांपर्यंत फक्त चित्र पोचलं. मी आयोजकांना फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘पैसे दिलेत ना?’ तेही अजून यायचेत.

बाबा पूर्वी छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारे होते. त्यांनी पुरवणी चष्म्याजवळ धरली, फोटोखालची ओळ पाहिली आणि म्हणाले, ‘सौजन्य लिहायला जागा होती, मग तुझं नाव लिहायला काय हरकत होती?’

पैशाच्या मुद्द्याबद्दल थोडं लिहितो, कारण माझ्या बरोबरीच्या बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर मालकी त्या पैसे देणाऱ्याची. ते मला मान्य आहे. पण त्याच कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क दुसऱ्याला दिले तरी ती कृती आपली आहे असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. मालकी आणि कर्तेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी दुसरीबद्दल बोलतोय.

होमाई व्यारावाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या, २०११मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांचे सुरुवातीचे फोटो मात्र त्यांचे पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात. त्याच्याही कितीतरी आधी, १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. त्यांनी काढलेल्या फोटोंवर आज अभ्यासक लिहू शकतात, कारण ते फोटो कुणाचे हे नोंदलेलं आहे. ज्या शहरात फोटोग्राफी इतकी जुनी आहे, तिथे आजच्या फोटोखाली नाव नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं नाव पत्राखाली छापू नये ही विनंती. या कामात नवख्याला बोलावणारी माणसं मोजकीच आहेत आणि ती एकमेकांना ओळखतात. घरचे हप्ते चालू आहेत.

मागणं एवढंच आहे. आयोजकांकडून फोटो आले की आपल्या डेस्कने ‘कुणी काढलाय?’ असं एका ओळीत विचारावं आणि मिळालेलं नाव छापावं. नाव देत नसतील तर तो फोटो घेऊ नये. आपण हे सुरू केलंत तर आयोजक पुढच्या वेळी नाव आपणहून पाठवतील, कारण त्यांना फोटो छापून यायला हवाच असतो. आपल्या पुरवणीतल्या त्या फोटोची मूळ फाइल माझ्याकडे आहे. सांगाल त्या दिवशी कचेरीत आणून दाखवतो.

आपला,
एक छायाचित्रकार, करी रोड, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)