पेशी जागा सोडते कशी, हेही छापा

महोदय,

कर्करोगाच्या बातम्यांत नव्या औषधाचे नाव असते, किंमत असते. पण गाठीतली पेशी जागा सोडून दुसऱ्या अवयवापर्यंत पोहोचते कशी, हे क्वचितच वाचायला मिळते. रुग्ण बहुतेकदा दगावतो तो याच प्रसारामुळे.

जपानी पेशीशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची क्योतोहून अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले, तेव्हा सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटेनात. क्योतोत तर चिकटत! फरक निघाला पेशी सुट्या करण्याच्या द्रावणात. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये (प्रथिने कापणाऱ्या विकराच्या द्रावणात) कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए हे रसायन होते, आणि कॅल्शियम नसले की पेशीच्या पृष्ठभागावरचे चिकटवणारे प्रथिन ट्रिप्सिन कापून टाकते. दुसरा कोणी द्रावण बदलून पुढे गेला असता; ताकेइचींनी त्या बिघाडाचाच माग काढला. त्या प्रथिनाला पुढे कॅडहेरिन हे नाव मिळाले. स्तनाच्या लोब्युलर, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या, कर्करोगात ई-कॅडहेरिन हा त्याचाच एक प्रकार बहुधा नाहीसा झालेला असतो आणि पेशी सुट्या होऊन एकामागे एक ऊतीत शिरतात. निदानासाठी पॅथॉलॉजिस्ट आज हेच प्रथिन तपासतात.

२००५चा जपान पुरस्कार ताकेइची आणि पेशीशास्त्रज्ञ एर्की रुओस्लाह्टी यांना पेशींच्या चिकटण्यावरील संशोधनासाठी मिळाला. आपल्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलांना ‘याचा उपयोग काय?’ असे पहिल्याच दिवशी विचारतात, याचे फार वाईट वाटते. आपल्या विज्ञान पुरवणीत अशा संशोधनावर, निदान महिन्यातून एकदा, सविस्तर लेख द्यावा ही विनंती.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा