भूल देताना हात जळतो, तो का आणि कसा टाळावा

संपादक महोदय,

पूर्ण भूल घेतलेल्या माणसाला ऑपरेशनआधीचे शेवटचे काय आठवते असे विचारले, तर अनेक जण सांगतात, "दुधासारखे पांढरे औषध सोडले आणि हात पेटल्यासारखा झाला." ही आग काही सेकंदांची असते, मग झोप लागते. त्यामुळे "होतं थोडं" एवढ्यावर तिची बोळवण होते. ती टाळण्याचे उपाय स्वस्त आहेत आणि तपासून सिद्ध झालेले आहेत. पण त्यांतला सर्वांत परिणामकारक उपाय रुग्ण ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) येण्याआधीच, वॉर्डात सलाईनची सुई लावतानाच, हातचा गेलेला असतो. म्हणून हे पत्र.

ते पांढरे औषध म्हणजे प्रोपोफॉल. ते मूळचे फिनॉलच्या कुळातले असून पाण्यात विरघळत नाही. पहिल्या बनावटीत वापरलेल्या द्रावकामुळे अ‍ॅलर्जीचे गंभीर प्रकार घडले. मग सोयाबीन तेल आणि अंड्यातील लेसिथिन यांत ते घोळवले गेले आणि १९८६ साली ब्रिटनमध्ये वापरात आले. (ज्यांनी ते शोधले ते जॉन ग्लेन पशुवैद्य होते. २०१८ साली त्यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.) औषधाचा बहुतेक भाग तेलाच्या थेंबांत असतो, पण अगदी थोडा बाहेरच्या पाण्यात मोकळा राहतो. शिरेच्या आतल्या अस्तराला झोंबतो तो हा मोकळा भाग. मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांची भर घातलेल्या नव्या बनावटीत तो कमी असतो, म्हणून ती कमी जळते. मात्र जळजळ अजिबात होत नाही असे नाही.

२०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १७७ चाचण्यांचा आणि २५ हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. काहीच खबरदारी न घेता प्रोपोफॉल दिले तर दहापैकी सुमारे सहा जणांना दुखते, असे त्यात दिसले. सर्वांत सरस ठरले दोन उपाय : कोपराच्या घडीतली मोठी शीर वापरणे, किंवा हाताच्या पंजावरचीच शीर असेल तर टुर्निकेट (हात आवळणारा पट्टा) बांधून आधी लिग्नोकेन हे बधिरतेचे औषध देणे. पहिल्याने दुखण्याची शक्यता सुमारे सातव्या हिश्श्यावर येते, दुसऱ्याने एक-तृतीयांशाहून खाली.

आता वॉर्डात काय होते ते पाहा. सुई बहुधा पंजाच्या मागच्या बाजूला लागते. तिथली शीर दिसते, आणि शिकवणही तशीच असते : खालून सुरुवात करा, शीर फुटली तर वर सरकता येते. सलाईन आणि अँटिबायोटिकसाठी हे योग्यच आहे. प्रोपोफॉलसाठी मात्र ती सर्वांत वाईट जागा, कारण शीर बारीक, रक्ताचा प्रवाह संथ आणि औषध अस्तराला लागूनच पुढे सरकते. मोठ्या शिरेत ते वाहत्या रक्तात चटकन पातळ होते. तरीही सरसकट कोपराच्या घडीत सुई लावा असे आम्ही म्हणणार नाही. कोपर वाकला की सलाईन अडते, सुई शिरेबाहेर सरकलेली लवकर कळत नाही आणि मोठी धमनी अगदी शेजारी असते. मनगट आणि कोपर यांच्या मधली सरळ, भरलेली शीर निवडावी आणि तीत १८ नंबरची हिरवी किंवा २० नंबरची गुलाबी कॅन्युला (शिरेत ठेवायची सलाईनची बारीक नळी) घालावी. अर्थात रंगापेक्षा शीर महत्त्वाची. पंजावरच्या बारीक शिरेत हिरवी कोंबून काही साधत नाही.

एक अपवाद सर्वांनी लक्षात ठेवावा. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या आणि पुढेमागे डायलिसिस लागू शकेल अशा रुग्णाच्या हाताच्या शिरा फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडतात, त्यासाठी) राखून ठेवायच्या असतात. तिथे पंजाची मागची बाजूच बरोबर. फिस्टुला झालेल्या हाताला तर सुई, टुर्निकेट, बीपीचा पट्टा, काहीच नको.

पंजावरच सुई असेल तेव्हा लिग्नोकेनची पद्धत अशी. हात क्षणभर उंच धरून शिरांतले रक्त उतरू द्यावे, सुईच्या वर टुर्निकेट घट्ट बांधावे आणि सलाईनचा क्लॅम्प बंद करावा, नाहीतर औषध नळीत उलटे चढते. मग वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम लिग्नोकेन द्यावे. साठ किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचे दीड मिलिलिटर. घड्याळ पाहून एक मिनिट थांबावे, टुर्निकेट सोडावे आणि लगेच प्रोपोफॉल द्यावे. हा उपाय "आमच्याकडे चालत नाही" म्हणणाऱ्यांकडे बहुधा ते मिनिट दहा सेकंदांत संपलेले असते, किंवा टुर्निकेट सैल असते.

प्रोपोफॉलमध्ये लिग्नोकेन मिसळण्याची पद्धत जास्त रूढ आहे. तिचा उपयोग होतो, पण प्रमाण पाळायला हवे. २० मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये (२०० मिलिग्रॅम) २ टक्के लिग्नोकेन एकच मिलिलिटर, म्हणजे २० मिलिग्रॅम. जास्त घातले तर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होऊ लागतात आणि ते डोळ्यांना लगेच दिसत नाही. म्हणून मिश्रण देण्याच्या वेळीच करावे, सकाळी भरून ठेवू नये. तसेही हे औषध जंतूंना पोसणारे आहे. एकाची उरलेली सिरिंज दुसऱ्याला वापरणे हा गुन्हाच समजावा. लिग्नोकेनची बाटली उचलताना लेबल मोठ्याने वाचावे; अ‍ॅड्रेनलिन मिसळलेले किंवा मणक्यासाठीचे ५ टक्क्यांचे लिग्नोकेन शिरेत जाता कामा नये. लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या विद्युत-संदेशांतला अडथळा) असेल तर हा मार्ग सोडावा. सर्जन जखमेत बधिरतेचे औषध भरणार असतील तर आधीचे मिलिग्रॅम हिशेबात धरावेत. पोट भरलेल्या रुग्णाला तातडीची भूल द्यायची असेल तर मिनिटभर थांबण्यापेक्षा मिसळूनच दिलेले बरे.

काही वेळा दोष औषधाचा नसतो. त्याच हाताला बीपीचा पट्टा असेल आणि तो नेमका फुगला, तर औषध शिरेत कोंडते. पट्टा दुसऱ्या हाताला हवा. प्रोपोफॉलआधी पाच मिलिलिटर साधे सलाईन सोडून पाहावे. साधे सलाईनही दुखले, हात थंड पडला किंवा फुगला, तर सुई शिरेबाहेर आहे, जागा बदलावी. बोटे पांढरी पडली तर सुई धमनीत गेल्याची शंका घ्यावी, औषध तिथेच थांबवावे आणि सुई उपसू नये, उपचारासाठी ती लागते.

प्रोपोफॉलनंतर दिले जाणारे, स्नायू शिथिल करणारे रोक्युरोनियमही झोंबते. ते आम्लधर्मी असते, आणि झोपेतही रुग्ण हात झटकन ओढून घेतो. लहान मुलांत हे अधिक दिसते, कधी सुईही निघते. रुग्ण पूर्ण झोपल्यावर आणि सलाईन वाहते ठेवून ते द्यावे. आधी थायोपेंटोन हे भुलीचे दुसरे औषध दिले असेल तर नळी सलाईनने धुतल्याशिवाय मुळीच नाही, दोन्ही एकत्र आली की साका बसतो.

मुलांच्या पालकांसाठी एक खुलासा : लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचे मलम तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवली तर सुई टोचल्याचे दुखत नाही. प्रोपोफॉलची जळजळ त्याने थांबत नाही, कारण ती शिरेच्या आतली असते.

रुग्णालयांना आमची सूचना एवढीच की, ऑपरेशनपूर्व तक्त्यात दोन रकाने वाढवावेत : 'सुई कुठे आहे' आणि 'मूत्रपिंडाचा विकार आहे का'. पहिल्यात 'पंजा' असे लिहिलेले दिसले तर ओटीतल्या सिस्टरांनी रुग्ण टेबलावर येण्याआधीच टुर्निकेट आणि लिग्नोकेन ट्रेमध्ये काढून ठेवावे.

आपले,
दोन भूलतज्ज्ञ, कोल्हापूर