संमतिपत्रावर ‘नाही’ कुठे लिहायचं?

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते. ‘अपार’ आयडीचं, म्हणजे आधारशी जोडलेल्या कायमच्या विद्यार्थी क्रमांकाचं, संमतिपत्र भरायला एक आई आली होती. पेन हातात धरून म्हणाली, “बाई, आधार नंबर देते, पण ह्यो जातोय कुठं? आन् नको म्हटलं तर?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अर्धंमुर्धं येत होतं. दुसऱ्याचं पुरतं ठाऊक होतं, पण तोंडातून निघेना. अपार ऐच्छिक आहे, दिलेली संमती मागेही घेता येते. तरी आमच्याकडे आलेल्या नमुन्यात ‘संमती नाही’ असा रकानाच नाही. आणि रोज संध्याकाळी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्या शाळेचं किती टक्के काम झालं याची यादी पडते, मागे पडलेल्या शाळा लाल रंगात. मी म्हणाले, “करा सही ताई, सगळ्यांनी केलीय.”

त्याच ग्रुपवर ‘आजच्या आज भरा’ म्हणून एक्सेल येतं : मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधार, बँक खातं, मोबाईल. आमचं जनरल रजिस्टर लोखंडी कपाटात कुलपात असतं, किल्ली मुख्याध्यापकांकडे. त्यातलीच माहिती पन्नासेक फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांशेजारी पडून असते. (केंद्रप्रमुखांना दोष देत नाही, त्यांनाही वरून ‘आजच’च येतं.)

गेल्या वर्षी एका पालकांना फोन आला. मुलीचं नाव, इयत्ता, बँक, सगळं बरोबर. शिष्यवृत्ती जमा करायचीय, ओटीपी सांगा. चार हजार गेले. नंबर आमच्याच यादीतून गेला असं मी म्हणत नाही. गेला नसेल असंही छातीठोकपणे म्हणवत नाही. त्याच वर्गात मी ‘ओटीपी कुणाला सांगायचा नाही’ हे शिकवते.

आम्ही तरी एवढा रेटा का लावतो? संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, आधार वैध झालेली मुलंच मोजायची म्हटल्यावर, आधारवरचं आडनाव जुळेना की पोर वर्गात बसलेलं असूनही हिशेबात नसतं, आणि शिक्षकाचं पद धोक्यात येतं. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती नको, मुलांच्या आधारसाठी पालकांची संमती हवी, असं स्पष्ट म्हटलंय. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. पद वाचवायला घेतलेली सही त्यात कशी बसते, ते आपल्या विधी विभागाला विचारून पाहावं.

मागणं फार नाही. संमतिपत्रावर ‘नाही’चा रकाना छापा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं मूल टक्केवारीतून वगळा. आधार आणि बँक खाती व्हॉट्सॲपवर मागू नयेत असं एका ओळीचं परिपत्रक काढा. जी माहिती यूडायसवर (शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलवर) एकदा भरलीय ती तिथूनच घ्या. झेरॉक्स लागलीच तर पहिले आठ अंक झाकलेलं आधार चालेल, हेही त्यात लिहा. ते मिळतं हेच निम्म्या पालकांना माहीत नाही.

त्या आईने सही केली नाही. “मालकाला इचारते,” म्हणून गेली. तिचा कोरा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि आमची शाळा अजून लाल रंगात.

आपली,
एक वर्गशिक्षिका