तुम्हाला कुठल्या नावाने हाक मारू?

काका,

सगळे तुम्हाला सर म्हणतात, मी पहिल्याच दिवशी चुकून काका म्हणून गेले आणि तुम्ही चालवून घेतलंत, तेव्हा आता इथे चारचौघांतही काकाच. तुमचं नाव लिहीत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीय. पण गप्प बसवत पण नाही. परवा प्रमोशनचं पत्र हातात पडलं आणि आईला फोन करायच्या आधी माझे पाय तुमच्या लायब्ररीकडे वळले, तर कळलं तुम्ही रजेवर. म्हणून हे.

मागच्या वेळचा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आठवला की अजून कान गरम होतात. माझे 21 पेपर तीन नावांवर विखुरलेले. पीएचडीपर्यंतचे माहेरच्या आडनावाने, मधे वडिलांचं अक्षर. लग्नानंतरचे सासरच्या आडनावाने, मधे नवऱ्याचं अक्षर. घटस्फोटानंतर परत माहेरचं आडनाव, पण आता मधलं अक्षरच गाळलेलं. आपल्याकडे यात नवल काही नाही, कितीतरी बायकांच्या आधार, पॅन, पासबुकात हाच घोळ असतो. पण सायटेशन, म्हणजे आपल्या पेपरचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, ते मोजणाऱ्या मशीनला आम्ही तीन वेगळ्या बायका वाटलो, आणि कमिटीने त्यातल्या एकीचंच प्रोफाईल उघडलं. संशोधन मोजायचा आकडा, एच-इंडेक्स, 6. मी सांगायला लागले तर एक सदस्य म्हणाले, मॅडम, आधी एक नाव तरी नक्की करा. सगळे हसले. मीही हसले, आणि खरा राग त्याचाच येतो.

त्यानंतर कुठे कुठे फिरले ते लिहीत बसत नाही. कोणी गॅझेट आणा म्हणालं, कोणी अ‍ॅफिडेव्हिट, मेलला तर मशीननेच उत्तर दिलं. आणि जिथे जाईन तिथे तोच प्रश्न, नाव का बदललं, बरं मग परत का बदललं? पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) बँड का आला नाही यावर मी तासभर बोलू शकते हो, पण लग्न का टिकलं नाही हे काउंटरपाशी उभं राहून, मागे चार जण रांगेत असताना कसं सांगायचं?

तुमच्याकडे आले तेव्हाही उत्तर पाठ करूनच आले होते. तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत, तिन्ही नावं एका पुस्तकाच्या स्लिपच्या मागे पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलीत, आणि विचारलंत, "यातल्या कुठल्या नावाने हाक मारू तुम्हाला?"

बस. का, कधी, कशामुळे, काही नाही. मी सांगितलं त्या नावाखाली रेघ मारलीत आणि कामाला लागलात. काका, पुढचे तीन महिने तुम्ही जे केलंत ते खूप मोठं आहे, मान्य, पण माझ्यासाठी काम त्या मिनिटालाच झालं होतं. मी बाहेर जाऊन पार्किंगमध्ये रडले, हे तुम्हाला आत्ता कळतंय.

आणि मग कमलाबाई. तुम्ही सहज म्हणालात, कमला सोहोनींचं केंब्रिजचं काम शोधायचं तर सोहोनी टाकून सापडणार नाही, माहेरचं भागवत टाकावं लागेल. दुर्गाबाईंची बहीण हे मला माहीत होतं, बंगळुरूला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला होता तेही माहीत होतं, पण 1939 ला वनस्पतींमधल्या सायटोक्रोम या प्रथिनावर काम करून डॉक्टरेट मिळवणारी बाई आणि नंतर मुंबईत नीरेवर संशोधन करणाऱ्या सोहोनी मॅडम यांना जोडायलासुद्धा कुणीतरी माहीतगार लागतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं चला, चांगल्या रांगेत उभी आहे मी.

प्रोफाईलं एकत्र करताना तुमचा खडूसपणा पण बघितला हां! एच-इंडेक्स 10 दिसायला लागला तेव्हा मी जवळजवळ उडीच मारली, आणि तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, हा दातांच्या तारांवरचा पेपर तुमचा? हा मातीच्या क्षारांचा? माझ्याच आडनावाच्या, माझ्याच अक्षराच्या दुसऱ्या कुणाचे होते ते. काढायला लावलेत. झाला 9. मी तोंड पाडलं तर म्हणालात, त्यांचेही कुठेतरी कमी पडत असतील ना. (एका नावाचा 6 आणि दुसऱ्याचा 5, मग मिळून 9 कसे, असं घरी विचारलं मला. 9 म्हणजे कमीत कमी 9 पेपर ज्यांना प्रत्येकी 9 तरी सायटेशन आहेत, ही बेरीज नसते. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये काढलेला हा आकडा आज आमच्या पगारापर्यंत येऊन पोचलाय.)

गंमत म्हणजे माझा सगळ्यात जास्त सायटेशनचा पेपर कुठला, तर डाळिंबाच्या पानातून आरएनए कसा काढायचा. पानातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे सगळं तपकिरी होतं, त्यावरची साधी युक्ती. ज्या पेपरसाठी चार वर्षं घासली तो बिचारा 11 सायटेशनवर. मी कुरकुरले तेव्हा तुम्ही लाउरींचा 1951 चा प्रोटीन मोजायचा पेपर काढून दाखवलात, तीन लाखांच्या वर सायटेशन, तोही पद्धतीचाच. आणि वॉटसन-क्रिकचा डीएनएचा पेपर 2014 च्या सर्वाधिक सायटेशनच्या यादीत पहिल्या शंभरात पण नव्हता. तेव्हापासून मी डाळिंबाला नाव ठेवत नाही.

कमिटीतले ते सदस्य काही वाईट नसतील, घरी चांगलेच असतील. पण समोरच्याला अडचण सांगताना लाज वाटू न देणं, हे एवढं साधं का जमत नाही लोकांना? आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुणारे मामा नव्या पोराच्या हातून फ्लास्क फुटला की त्याच्याकडे बघतच नाहीत, झाडू घेऊन येतात. मला वाटतं तुम्ही आणि मामा एकाच जातकुळीचे. असली माणसं कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाहीत, आणि बरंय, नाहीतर त्यातही कोणीतरी दुसऱ्याचे पेपर घुसवले असते.

आता ऑर्किडचा (फूल नव्हे, ORCID, संशोधकाची कायमची ओळख) 16 अंकी नंबर आहे, नाव काहीही होवो, तो माझाच. पासवर्ड तुम्ही सांगितलात तसा वहीत लिहून ठेवलाय. नवीन पेपरच्या आभारात तुमचं नाव घालू का म्हटलं तर नको म्हणालात, म्हणून फक्त 'ग्रंथालय' लिहिलंय, चिडू नका.

ती पेन्सिलीची स्लिप माझ्याकडेच आहे, परत मागू नका. सोमवारी हजर होताय ना? डाळिंबं घेऊन येते. खायची, प्रयोगातली नाहीत.